खोकला गेल्यानंतरचं चाटण

"डायबेटिस आहे काका, आणि चांगला मुरलेला आहे," वारज्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. रिपोर्टमधल्या एचबीएवनसी नावाच्या आकड्यावर त्यांनी पेन टेकवलं. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. एक दिवस उपास करून तिला फसवता येत नाही. सोबत कोण आलंय, असं त्यांनी विचारलं. मी एकटाच होतो.

हडपसरच्या कारखान्यात मी आयुष्यभर मापं तपासायचं काम केलं. सांगितलेलं काटेकोर पाळायची खोड आहे. चहा बिनसाखरेचा, भात बंद, आंब्याला तर दारातूनच नमस्कार. तरी पुढच्या तपासणीत आकडा आणखी वर गेला. गोळी वाढवली, तरी तेच.

"काका, माझ्या डोळ्यांत धूळ फेकताय का?" बाईंनी विचारलं. "आता इन्शुलिन सुरू करावं लागेल. त्याआधी एकदा, दिवसभरात तोंडात जे जे जातं ते सगळं मला आणून दाखवा."

इन्शुलिनची मी धास्तीच घेतली. सुईची नव्हे. साखर एकदम उतरून घरात पडलो, तर दार उघडायला आत दुसरं कोणी नाही, याची.

पिशवीत पोळी-भाजीचा डबा घातला, गोळ्या घातल्या. सगळं म्हणजे सगळं, म्हणून सितोपलादी चूर्णाची बरणी आणि मधाची बाटलीही घेतली.

हे चूर्ण मी घरी करायचो. बायको वारली त्या हिवाळ्यात मला कोरडा खोकला लागला होता, तेव्हा ओळखीच्या वैद्यबाईंनी पंधरवड्यापुरतं सांगितलं होतं. त्यात खडीसाखर सगळ्यांत जास्त, तिच्या निम्मं बांबूतून निघणारं वंशलोचन, त्याच्या निम्मी पिंपळी, मग वेलची, शेवटी दालचिनी. पिंपळीला ऊन दाखवायचं, प्रत्येक जिन्नस वेगळा कुटायचा आणि वस्त्रगाळ करायचा, म्हणजे पातळ फडक्यातून चाळायचा. फडक्याची टोकं धरायला खरं तर दोघं लागतात. मी ते पातेल्याच्या तोंडाला दोऱ्याने बांधून भागवायचो. अख्खी दुपार त्यात जायची आणि मला तेच हवं असायचं. मग ते दिवसातून तीनदा मधात कालवून चाटायचं.

बाईंनी चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं. "यात निम्मी साखर आहे. वर मध. आणि तुम्ही गोड खात नाही?"

"ते औषध आहे," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. आपल्याकडे चूर्ण खाण्यात धरत नाहीत आणि डॉक्टरांनी विचारलं तर औषधांतही सांगत नाहीत.

"कशासाठी घेता?"

"खोकला होता."

"कधी गेला?"

"झाले बरेच महिने."

"मग अजून का चाटताय?"

उत्तर मला माहीत होतं, पण सांगायची लाज वाटली.

मुलगी बंगळूरला असते. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "बाबा, चूर्ण घेतलंत का?" घेतलं म्हणायचो. मग नवीन केलं का, पिंपळी नीट वाळली का, मध संपत आला का, एवढंच बोलणं. खोकला गेल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. विषय संपला की फोनही संपेल, ही भीती. दिवसभरात माझी चौकशी करणारा तेवढा एकच आवाज होता.

त्या संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा मन घट्ट केलं. "बंद केलं. खोकला केव्हाच गेलाय. मला एकट्याला करमत नाही गं, म्हणून चाललं होतं."

ती म्हणाली, "खोकला गेलाय ते मला माहीत होतं, बाबा. फोनवर ऐकू यायचा बंद झाला होता. पण आई गेल्यावर तुमच्याशी दुसरं काय बोलावं, तेच सुचायचं नाही."

पुढच्या तपासणीत आकडा उतरला आणि इन्शुलिन टळलं. डॉक्टरबाईंचे उपकार आहेत. चूर्णाचा दोष नव्हता, ते खोकल्याला लागूही पडलं होतं. तुम्ही एकटे राहत असाल, तर घरचंच आहे म्हणून जे काही घेता ते डॉक्टरांना दाखवा, आणि आपली साखर वैद्यांनाही सांगा. मी वेळेवर दोन्ही केलं नव्हतं.

फोन अजून रोज येतो. विषय असा काही नसतो. बरेचदा दोघंही गप्पच असतो. तिच्याकडे कुकरची शिट्टी होते, भांडी वाजतात, मी ऐकत बसतो. फोन मात्र कोणी ठेवत नाही.