मागची काच बसवली तेव्हा

माझ्या नवऱ्याने म्हातारपणी मोटार बांधायला काढली. सुटे भाग मागवायचे आणि अंगणात आपल्या हाताने जोडायचे. बॉडी फायबरची, इंजिन भंगारातल्या गाडीचं. हृदयात स्टेंट टाकल्यावर डॉक्टरांनी आराम सांगितला होता. त्यांचा आराम हा असा.

मला मोटारीचं भय नव्हतं, रक्ताचं होतं. त्यांना रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. एकदा दाढी करताना जरासं ब्लेड लागलं तर अख्खा टॉवेल भिजला होता.

त्यात ही मागची काच. सुट्या भागांच्या पेटीतून आलेली काच वाटेतच फुटली होती, तिचे साबुदाण्यासारखे दाणे झाले होते. तशी दुसरी मिळेना, म्हणून हे इतवारीच्या बाजारातून साधी काच कापून घेऊन आले. घराच्या खिडकीला लावतात ती. ती फुटली की सुऱ्या होतात, हे कळायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही.

"मंग बदलवू," म्हणाले. "आता बसते का ते तं पाहू."

मे महिन्याची दुपार त्यांनी मुद्दाम धरली, कारण उन्हात रबर नरम पडतं. काचेभोवती रबर चढवलं, रबराच्या बाहेरच्या खाचेत माझ्या परकराची नाडी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. त्यांनी बाहेरून काच दाबायची आणि मी गाडीत बसून नाडीची आत सोडलेली टोकं ओढायची, म्हणजे रबराची कड आत वळते. शेजारच्यांना बोलवा म्हटलं.

"काहून? तुले नाडी ओढता येत नाही का?"

मागे सीट नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन मी आत बसले. भट्टीच होती. काचेपलीकडे मला त्यांचे दोन उघडे तळहात दिसत होते, दाबून पांढरे पडलेले.

खालची बाजू बसली. कोपऱ्यात अडलं. त्यांनी तळहाताने थाप मारली आणि काच कुरकुरली. मी नाडी सोडून दिली.

"काहून थांबली वं?"

"हात काढा पहिले."

"मंग काच कोण दाबन? तुहा बाप?"

"तो मेला. तुम्ही बी जाल. गोधडी आणा, नाही तं मी ओढत नाही."

ओढायला दुसरं कोणी नव्हतं. बडबड करत गेले, गोधडी आणली, घडी करून काचेवर धरली. आता हात दिसतच नव्हते. ते तर जास्तच वाईट. मी डोळे मिटले आणि ओढलं. नाडी एकदम सुटून हातात आली, मी मागे पडले, डोकं आपटलं. काच फुटली नव्हती. बसली होती.

त्यांनी दार उघडलं. हसत होते. सदऱ्यावर रक्त होतं.

काचेने काही केलं नव्हतं. गोधडी खाली घेताना बॉडीची न घासलेली कड अंगठ्याला लागली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी अंगठा पदरात धरला, दाबला, त्यांना पायरीवर बसवलं. पदराची एक घडी भिजली, मग दुसरी. माझे दात वाजत होते, त्या उन्हात.

"पाणी मारून पाहू दे ना, रबरातून झिरपते का."

"बसा गुपचूप."

पायरीवरचं ऊन सरकलं तेव्हा कुठे पदर ओला व्हायचा थांबला. तरी मी दाबून होते.

"सोड आता. मुंग्या येऊन राहिल्या."

"येऊ द्या," मी म्हटलं.