मामाची तहान

आमचा मामा माणसाला आधी हाणायचा आणि का हाणलं ते मग सांगायचा. ठाण्याच्या खाडीवरच्या कोळीवाड्यात त्याच्या वाटेला कुणी जात नसे. एकदा होडीवर एका खलाशाने पिण्याच्या पाण्याने पाय धुतले, तर मामाने त्याला उचलून खाडीत भिरकावला. वर काढला तोही यानेच, आणि मग आणखी एक ठेवून दिली!

पाण्यावरून त्याचं डोकं फिरायचं, कारण त्याला उठताबसता पाणी लागायचं. लहानपणी अंथरूण ओलं करतो म्हणून त्याच्या पोटावर तापल्या विळ्याने डाग दिले होते. "तहान लागली का मानूस मानूस रहात नाय," असं म्हणायचा.

मीही त्याच्यावरच गेलो. वर्तकनगरच्या आमच्या खोलीत रोज सकाळी माझी गादी भिजलेली आणि रोज सकाळी बाबांचा पट्टा. शेवटी बाबांनी माझं पाणीच तोडलं. "प्यायलाच नाही तर मुतेल कशाला?" वा रे अक्कल! दाराला आतून कडी घालून स्वतः माठापाशी पहारा देत बसले. दुसऱ्या दिवशी मी तापाने फणफणलो, आईलासुद्धा ओळखेना. तिने खिडकीतून शेजारणीला हाक मारून मामाला निरोप धाडला. मामाने लाथेने दार फोडलं आणि बाबांचं नाक फोडलं. "दाजी, सरा बाजूला!" मारतानाही दाजी म्हणायचं काही सोडलं नाही. मला खांद्यावर टाकून त्याने थेट इस्पितळ गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून मागोमाग आलेल्या बाबांना फैलावर घेतलं. "पाणी धरून ठेवा, असा निरोप मेंदू रक्तातून धाडतो. तो घेणारे रिसेप्टर मूत्रपिंडाच्या पेशींवर असतात. याचे जन्मापासूनच बिघडलेत, म्हणून पाणी अंगात थांबत नाही. पाणी तोडलंत तर पोर जाईल. हा दोष आईकडून मुलग्यांत उतरतो."

बाबांनी ऐकलं ते फक्त शेवटचं वाक्य. घरी आल्याबरोबर पट्टा आईवर उगारला. मामा मध्ये घुसला.

"आजार आमच्या घरचा हाय, दाजी. मला मारा."

हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला. बाबा मारत सुटले. पाठीतून रक्त आलं, तरी एका थपडेत माणूस लोळवणारा मामा हलला नाही. मला वाटलं, आता मरतोच हा. शेवटी बाबाच दमून खाली बसले.

"झालं? मंग आता पोराला पानी द्या."

बाबांनी उठून माझ्या तोंडाला पेला लावला. त्यानंतर त्यांनी पट्ट्याला कधी हात लावला नाही.

पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मामाची शेवटची घटका आली. कोळीवाड्यात सगळे जमले. तोंडात पाणी घालायला बाबा पुढे झाले आणि रडत रडत त्यांनी चमचा त्याच्या ओठाला लावला. मामाने डोळे उघडले, चमचा हाताने उडवून दिला.

"चमच्यानं काय देता, दाजी? तांब्या आना!"