छप्पन्न फेऱ्या

लुआन हाईशानच्या पोटऱ्या मी अकरा वर्षं चोळल्या. आमच्या दालियनच्या संघात मी मालिशवाला. खेळाडू मला उस्ताद म्हणतात आणि माझ्या शिव्या मुकाट्याने ऐकून घेतात, कारण पालथ्या पडलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. हाईशानचं खरं वय मला पहिल्याच आठवड्यात हाताला लागलं. दाखल्यावर सतरा, आणि मांड्या पुऱ्या वीस वर्षांच्या. जन्मसाल विचारलं तर त्याने उशीत तोंड खुपसून दाखल्यावरचं साल सांगितलं. मी पुढे विचारलं नाही. आमच्या धंद्यात ते विचारत नाहीत.

त्याचे वडील बंदरावर क्रेन चालवायचे. तेरा वर्षांच्या हाईशानला क्रीडाशाळेने घेतलं नाही, तेव्हा म्हातारा सिगारेटचे दोन खोके काखोटीला मारून ओळखीच्या कारकुनाकडे गेला आणि पोराला तीन वर्षांनी लहान करून घेऊन आला. पुढच्या वर्षी चौदाचा हाईशान अकरा वर्षांच्या मुलांत उभा राहिला आणि त्यांच्या डोक्यावरून गोल ठोकू लागला. त्यात कुणाला विशेष वाटलं नाही. त्या तुकडीतल्या निम्म्या मुलांचे दाखले असेच धुऊन निघालेले होते. ज्यांचे बाप सरळमार्गी राहिले, ती मुलं घरी गेली.

पण मुलं वाढतात. सतरा-अठराला बाकीचे त्याच्या उंचीला आले आणि फुकटचे गोल संपले. तिथून पुढे हा गडी खरा फुटबॉल शिकला. गोलकडे पाठ करून, दोन बचावपटू अंगावर झेलून चेंडू धरून ठेवायचा आणि आडवं सरकत जागा काढायची. लोक त्याला खेकडा म्हणायचे. मग क्लबने ब्राझीलचे दोन धिप्पाड आघाडीवीर आणले आणि आमचा खेकडा बाकावर बसला. देशभर हेच चाललं होतं. गोल करायचं काम परदेशी लोकांचं, आणि आपल्या पोरांनी त्यांना चेंडू पुरवायचा. शेवटच्या वीस मिनिटांत मैदानात उतरून हाईशानने जे गोल केले, त्यातले निम्मे मला आजही तोंडपाठ आहेत. संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हा ब्राझीलवाले सर्वांत आधी निघून गेले, आणि आघाडीची जागा पुन्हा ह्याची झाली.

त्याच हिवाळ्यात कुनमिंगची चाचणी आडवी आली.

ती काय चीज आहे, हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही माहीत आहे. वीस मीटरवर दोन शंकू, टेपवर शिटी, जायचं आणि यायचं की एक फेरी, मग दहा सेकंद विश्रांती. दर थोड्या फेऱ्यांनी शिटी घाई करते. एकदा उशीर झाला तर ताकीद, दुसऱ्यांदा झाला तर बाहेर. नापास झालेल्याची लीगमध्ये नोंदणी होत नाही, मग तुम्ही किती का गोल केले असेनात. तेही कुठे, तर कुनमिंगच्या उंचीवर, जिथे आम्हा समुद्राकाठच्यांना जिना चढतानाही धाप लागते. त्या वर्षी छप्पन्न फेऱ्यांचा नियम होता. तिशी ओलांडलेल्यांना पन्नास.

हाईशान एक्कावन्न पळाला आणि नापास झाला.

खरा एकतीस वर्षांचा माणूस, म्हणजे खरं तर पास. पण कागद सांगत होता अठ्ठावीस. फेरचाचणी पंधरा दिवसांनी, आणि ती शेवटची. तेवढ्यात प्रशिक्षक सांगून गेले, "यंदा तुझी नोंदणी झाली नाही तर क्लब तुला ठेवणार नाही. मीही ठेवणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस." गुडघ्याची एक शस्त्रक्रिया झालेला, वर्षभर घरी बसलेला आघाडीवीर कुणाला हवा असतो?

चाचणीच्या आदल्या दुपारी मी त्याच्या पोटऱ्यांना गरम तेल लावत होतो, तेव्हा त्याचे वडील दारात उभे राहिले. दोन दिवस रेल्वेत बसून आले होते. हातात आंबवलेल्या कोबीची बरणी आणि पिशवीत गुंडाळलेला जुना घरनोंदीचा कागद.

"मी त्या चाचणीवाल्या साहेबांना भेटून येतो," म्हातारा म्हणाला. "खरं साल ह्याच्यावर आहे. सांगतो की लबाडी माझी, पोराला काय कळत होतं. एक्कावन्न पळालायस तू. पन्नासच लागतात."

"बाबा, ते पन्नास देणार नाहीत. बंदी घालतील."

"मला घालू देत."

"तुम्ही कुठे सेंटर फॉरवर्ड खेळता?"

मला हसू आलं. म्हाताऱ्याला आलं नाही. "मग दुसरा रस्ता सांग," तो म्हणाला. "माझ्यामुळे तू बुडत असलास तर मी बघत बसू?"

हाईशान उठून बसला. तेल लावलेले पाय तसेच जमिनीवर टेकवले, माझी चादर खराब केली. "शाळेत त्या वर्षी अठरा जणांना घेतलं," तो म्हणाला. "एकोणिसावा एक खरा अकरा वर्षांचा पोरगा होता. दाराशी उभा राहून रडत होता आणि त्याची आई त्याची पिशवी भरत होती. मला सगळं कळत होतं बाबा. मी तोंड उघडलं नाही. तेव्हा मला लहान असणं सोयीचं होतं, आता म्हातारं असणं सोयीचं आहे. तसं नाही करायचं मला. अठ्ठावीसचा म्हणून खेळतोय, तर अठ्ठावीसचा म्हणूनच पळेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं. पण तो कागद तुम्ही बाहेर काढायचा नाही."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काका, बरणी तेवढी इकडे द्या." दुसरं काय म्हणणार? मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता, आणि दोघांचीही कीव.

सकाळी थंड ऊन होतं. तीस-पस्तीस जण फेरचाचणीला, सगळ्यांचे चेहरे फाशीला निघाल्यासारखे. म्हातारा जाळीला दोन्ही हातांनी धरून मोठ्याने मोजत होता. क्रेनवर आयुष्य गेल्यामुळे त्याचा आवाज मैदानभर जायचा. तिसाव्या फेरीपर्यंत हाईशान मजेत होता. चाळिसाव्या फेरीनंतर त्याचा दुखरा गुडघा आतल्या बाजूला पडायला लागला. मी मनात त्याला अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

"पन्नास!" म्हातारा ओरडला, आणि गप्प झाला. जाळी सोडून खालीच बसला. त्याच्या हिशेबाने पोरगा पास झाला होता. पुढचं त्याला बघवत नव्हतं.

एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्नला शिटी आधी वाजली आणि पंचाने हात वर करून ताकीद दिली. आता एक पाऊल उशीर झाला की घर. हाईशानने दहा सेकंदांच्या विश्रांतीत कमरेवर हात ठेवले नाहीत, आकाशाकडे पाहिलं नाही. फक्त रेषेवर पाय नीट लावला. चौपन्न. पंचावन्न शिटीबरोबरच, केसभर अंतराने. छप्पन्नला तो पलीकडच्या शंकूवर वळताना घसरला, हात टेकून उठला, आणि येताना पळत नव्हताच, पुढे पडत होता. शिटी वाजली तेव्हा त्याची छाती रेषेपलीकडे होती.

पंचाने पास म्हणून खूण केली. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, पण माझ्या आधी म्हातारा पोचला होता. गुडघ्यांवर बसून तो पोराच्या बुटांच्या नाड्या सोडत होता आणि घाईत गाठी आणखीच आवळत होत्या.

"वरच्या सहा माझ्या होत्या," तो पुटपुटत होता. "त्या सहा मी तुझ्यावर लादल्या."

हाईशान आधी ओकला, मग मी त्याचं तोंड पुसलं.

"पुढच्या वर्षी कागदावर मी एकोणतीस," तो म्हणाला. "म्हणजे परत छप्पन्नच. तेव्हा पन्नासवर मोजायचं थांबवू नका."