लाटण्यावरची तार

आमच्या बोरीच्या घरात एक नियम होता : रेडिओवर अप्पांनी ऐकलं ते खरं, उलट विचारायचं नाही. घरात असा नियम असला की किस्से आपोआप साठतात. सांगताना हसू येतं, नंतर ते टिकत नाही.

अप्पा म्हणजे माझे थोरले काका. निजामाच्या पोलिसांपासून लपवून त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी कडब्याच्या खोलीत घरगुती रेडिओ जुळवला होता. हेडफोनचा एकच कान चालायचा, आणि तो अप्पांचा! माझा दादा निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला होता. दसऱ्यापासून त्याचा पत्ता नव्हता. अप्पा संध्याकाळी हेडफोन लावायचे आणि वहिनीला सांगायचे, "कॅम्पातली पोरं खुशाल हायती."

*

रेडिओची गुंडाळी त्यांनी लाटण्यावर वळली होती. तार आणली तेव्हा तिच्यावर सुताचं वेष्टण होतं, तेलकट, काळपट. काकू म्हणाली, "असली घाण घरात नको." मग सूत सोलून तार चिंचेनं घासली. देवाच्या पळीसारखी चकाकली! वेढे एकमेकांना चिकटून बसवले. मित्र म्हणाले, "लय सुरेख काम झालं!"

त्या सोललेल्या सुताच्या वाती काकूनं वळल्या. दादासाठी रोज लावायची.

*

एकदा अप्पांनी बातमी दिली, "आज कॅम्पात पोरांनी धपाटे खाल्ले."

तेव्हा मी हैदराबादच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. विचारलं, "हे रेडिओवर सांगतात?"

"तुमच्या कालेजात शिकवलं न्हाई वाटतं!"

सगळे हसले. वहिनीसुद्धा. दादाला धपाटे आवडायचे.

*

वहिनीचा भाऊ जिंतूरहून बैलगाडी घेऊन आला. "ताई, चल. सरहद्दीवर जाऊन विचारू."

अप्पा म्हणाले, "कशाला? आत्ताच ऐकलंय. खुशाल हाय."

गाडी रिकामी परत गेली.

*

"आवाज मोठा करून आणते," असं सांगून मी लाटणं हैदराबादला नेलं. परभणी स्टेशनावर पोलिसानं ट्रंक उघडायला लावली.

"ये क्या है?"

"बेलन."

"तार कायकू बाँधे?"

"टूट गया था!"

"किसके सर पे तोड़े?" म्हणत तो हसत पुढे गेला. मी घाईनं ट्रंक बंद केली.

*

कॉलेजच्या लॅबमध्ये ब्रिज नावाच्या उपकरणावर गुंडाळीचा इंडक्टन्स मोजला. कुठलं स्टेशन लागणार, ते या आकड्यावर ठरतं. आकडा जवळजवळ शून्य!

सर म्हणाले, "उघडे वेढे एकमेकांना चिकटलेत. ही गुंडाळी नाही, तांब्याची नळी आहे. हिच्यावर काही ऐकू येणार नाही."

"पण सर, माझे काका रोज बातम्या ऐकतात!"

सगळी लॅब हसली.

*

सुट्टीत घरी आले तेव्हा वहिनीच्या भावाची गाडी पुन्हा दारात उभी होती. मी लाटणं रेडिओला परत जोडलं, अप्पांना आकडा सांगितला, सूत सोलल्यानं वेढे चिकटले हेही सांगितलं. ते लाटण्याकडे बघत राहिले. मग हेडफोन माझ्या हातात देऊन हळूच म्हणाले, "तू शिकलेली. तुझं ऐकंल सूनबाई. कानाला लाव अन् सांग, खुशाल हाय म्हणून."

मित्र म्हणाले, "सांग की, पोरी. तुझं काय जातंय?"

"मी नाही सांगणार," मी मोठ्यानं म्हणाले. "वहिनी, इकडे या. आज तुम्ही ऐका."

वहिनीनं पदर सारून हेडफोन कानाला लावला. बराच वेळ लावून उभी राहिली. मग तो अप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि बाहेर भावाकडे बघून म्हणाली, "भाऊ, बैल सोडू नको. मी येते."