आईंच्या अंगावरचं पित्त

भाईंदरला फ्लॅट घ्यायचा हट्ट माझाच होता. लालबागच्या चाळीत एका खोलीत नवरा, सासूबाई आणि मी. मला तिथे जीव गुदमरल्यासारखं व्हायचं. खारी गावाला लागून नवीन बिल्डिंग उठली होती, त्यात चौथ्या मजल्यावरचं घर मी पसंत केलं. लिफ्ट लवकरच चालू होईल, असं बिल्डर म्हणाला. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. त्या एवढंच म्हणाल्या, "तुला आवडलंय ना? झालं तर मग."

राहायला येऊन थोडेच महिने झाले होते. एकदा संध्याकाळी ऑफिसातून आले, तर आई बाथरूमच्या दाराशी उभ्या राहून चौकटीला पाठ घासत होत्या.

"काय होतंय, आई?"

"काही नाही गं, पित्त उठलंय. तू आधी चहा घे."

पदर बाजूला केला तर मानेपासून कमरेपर्यंत लालभडक गांध्या. फुगलेल्या, एकीत एक मिसळलेल्या. त्यांच्या सांगण्यावरून मी आमसुलं पाण्यात भिजवली, कुस्करली आणि तो कोळ त्यांच्या पाठीला लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांच्या पाठीला माझा हात पहिल्यांदाच लागत होता. पाठ तापलेली होती.

"हलका हात आहे तुझा," त्या म्हणाल्या.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. आमसुलाचं पाणी अंगाला, आमसुलाचं जिरेपूड घातलेलं सरबत पोटात. गावाकडची घोंगडी काढून ती पांघरूनही झालं, ऐन उकाड्यात. शेजारच्या गुजराती भाभींनी वाटीत गेरू आणून दिला. "लगा के देखो, हमारे यहाँ सब यही लगाते हैं." तोही लावला. वांगं बंद केलं, उत्तनच्या सुक्या मासळीचं कालवण बंद केलं. आईंच्या पांढऱ्या ब्लाउजांवर आमसुलाचे डाग पडले, ते धुऊन जाईनात. तासाभरात खाज उतरायची, दोन दिवसांनी परत तेच.

"इथलं पाणी तिला मानवत नाहीये," नवरा म्हणाला. तो सहज म्हणाला, पण मला ते माझ्याच अंगावर आल्यासारखं वाटलं. चाळीत असताना त्यांना एकदाही पित्त उठलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांचे ओठ सुजले. बोलताना शब्द जड यायला लागले. मी आमसुलं भिजत टाकलेली तशीच ठेवली आणि त्यांना धरून खाली दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

"नाही हो, काहीच नाही," मीच उत्तर दिलं.

डॉक्टरांनी आईंकडे बघून पुन्हा विचारलं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "गुडघे दुखले की एक घेते. दुखण्याची."

"ती तुम्हाला चालत नाहीये. आजपासून बंद. आमसुलाने खाज कमी होईल, पण गोळी पोटात जात राहिली तर हे थांबणार नाही. आज ओठ सुजले, उद्या घसा सुजला असता."

परत येताना दुसऱ्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले.

"गुडघे कधीपासून दुखतायत?"

"पाणी वर आणायला लागल्यापासून."

आमच्या बिल्डिंगचा पंप सारखा बिघडायचा. पाणी खालच्या नळालाच यायचं, तेही दुपारी. वॉचमन वर आणून देतो, अशी माझी समजूत होती. रोज संध्याकाळी ओट्यावर भरलेली कळशी दिसायची आणि मी त्यातलं पाणी ओतून घ्यायचे.

"वॉचमन देतो ना आणून?"

"कधीमधी देतो. रोज कुठे त्याच्या मागे लागायचं?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला किती हौस होती घराची. आल्या आल्या रडगाणं कशाला लावू?"

मग त्याच म्हणाल्या, "चल, उठ. घसा नाही ना सुजला."

दुसऱ्या दिवसापासून नवरा ऑफिसला जायच्या आधी शेजारच्या बिल्डिंगमधून पाणी भरायला लागला. गोळी सुटली, तसं पित्तही हळूहळू थांबलं. तळमजल्यावर घर बघू या, असं मी कितीदा तरी म्हटलं. आई ऐकेनात. परत सामान बांधायला लावू नकोस, म्हणाल्या. लिफ्ट पुढच्या दिवाळीनंतर चालू झाली.

कुणी नातेवाईक आले आणि घर छान आहे म्हणाले, की आई कौतुकाने सांगायच्या, "सुनेने पसंत केलंय हो." तेवढ्यात मी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून जायचे.