लग्नातले कोरे रोल

आर्या, ईशान — हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आजोबांना तर नाहीच. आता ते नाहीत.

सगळं क्रमाने सांगायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. आज क्रम लागत नाहीये.

त्यांच्याकडे एक कॅमेरा होता. कडांचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसायचं. एका बाजूचं चामडं गेलेलं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. चलथाणच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडला होता, तरी फोटो लख्ख यायचे. मला मात्र त्याची लाज वाटायची. तुमच्या आईच्या लग्नाला पुण्याचे व्याही येणार, आणि मुलीचा बाप हा डबा गळ्यात घालून हिंडणार? मी इंग्रजी शाळेतली बाई — मला तेव्हा काय काय महत्त्वाचं वाटत होतं.

त्यांना न विचारता तो इथल्या भागळ बाजारातल्या एका दुकानात देऊन मी दुसरा घेतला. वापरलेलाच म्हणायचा, पण चकचकीत. "बेन, आने तो कोईए हाथ नथी लगाड्यो," दुकानदार गुजरातीत म्हणाला — याला कुणी हातही लावलेला नाही. मला ती तारीफ वाटली. घरी सांगितलं — तुमचा दुरुस्तीला दिलाय, तोवर हा घ्या.

"अगं, त्याला काय झालं होतं?" ते म्हणाले. पण घेतला.

हळद, पाठवणी, नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली त्यांची आई — सगळं त्यांनी टिपलं. धुवायला दिलेले रोल आणायला मी गेले. सगळे कोरे. कॅमेरा वर्षानुवर्षं नुसता पडून होता, शटर चिकटलंय, उघडलंच नाही — फोटो धुणाऱ्याने मला स्वच्छ सांगितलं. जुना परत मागायला गेले, तो विकला गेला होता. तुमची पणजीही तोवर गेली होती.

मग घरी येऊन मी काय म्हणाले? म्हणाले, तुम्ही रोल नीट बसवले नव्हते म्हणे.

त्यांनी वाद घातला नाही. "असेल," म्हणाले.

पुन्हा कॅमेरा धरला नाही. पुढे गॅस बंद केलाय ना, ते मला बघायला लावू लागले. कुलूप लावलं की मला ओढून पाहायला सांगायचे. एका वाक्याने मी हे थांबवू शकत होते — रोज.

तुम्हाला वाटायचं, आजोबांना लहान मुलं आवडत नाहीत. ईशान, तू फोनवर तसं म्हणालासही एकदा. तू महिन्याचा होतास. मी तुला त्यांच्यापुढे धरलं, तर ते मागे सरकले. म्हणाले, "नको गं. माझ्याकडून पडेल तो."

मी ऐकलं. आणि तुला पाळण्यात ठेवलं.