वीज गेली नाही म्हणून

शेवंताबाईंना उद्यापासून कामावर ठेवायचं की नाही, हे माझ्या उत्तरावर ठरणार होतं.

कळस गावच्या एका हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, त्या कामाला होत्या. तिथे अंड्यांचे ट्रे तासातासाने दुसऱ्या बाजूला कलवावे लागत, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. त्यासाठी बारामतीतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे प्रोग्रॅम भरलेल्या चिपचा, एक डबा बनवला होता. सहा महिने तो गुमान चालला. आता म्हणे मधूनच ट्रे थांबायचं नावच घेत नव्हते. सारखे इकडून तिकडे. हादऱ्याने अंडी वाया जात होती. माझ्यासमोर मात्र एकदाही नाही.

"बाई बटनं दाबत बसती, दुसरं काय," हॅचरीचे मालक आबा म्हणाले.

"म्या हात लावला न्हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "आपोआप सुरू हुतंय, आपोआप थांबतंय."

खरं सांगतो, मलाही आबांचंच पटत होतं. माझ्या प्रोग्रॅमवर माझा फार विश्वास.

"कधीपासून होतंय?" मी बाईंना विचारलं.

"इनवर्टर बसवल्यापास्नं. लाईट जायची तवा झ्याक चालायचं."

मी कागद काढला. चिप सेकंद मोजते. ती मोजणी मी ६५,५३५ पर्यंतच मावेल अशी ठेवली होती, पुढे पुन्हा शून्य. म्हणजे साधारण अठरा तास बारा मिनिटं. अठराव्या तासाला एक तास मिळवून पुढच्या फेरीची वेळ काढताना आकडा मावत नसे आणि भलताच लहान उरे. ती वेळ कधीच टळली असं समजून डबा ट्रे हलवत सुटे, मोजणी शून्यावर येईपर्यंत. पण सलग अठरा तास वीज आमच्याकडे टिकते कुठे? वीज गेली की मोजणी पहिल्यापासून. इनवर्टर आल्यापासून मात्र ती मध्येच तुटत नव्हती.

"डबा शेवटचा कधी चालू केला?"

"काल चारला. दुपारच्या."

सकाळचे पावणेदहा झाले होते. "दहाला सुटेल," मी म्हणालो, "आणि बारा मिनिटांनी थांबेल." ती पंधरा मिनिटं मी नुसत्या येरझाऱ्या घातल्या. सुटला नाही तर बाई घरी जाणार, सुटला तर मी तोंडघशी.

दहाला ट्रे हलले. लगेच पुन्हा हलले. शेवंताबाई भिंतीशी हात बांधून उभ्या होत्या. बारा मिनिटांनी सगळं शांत झालं.

दुरुस्ती एका ओळीची होती. पुढची वेळ काढायचीच नाही, मागच्या फेरीनंतर किती सेकंद गेले एवढंच मोजायचं. नवी चिप दुसऱ्याच दिवशी बसवली. तेव्हापासून कुठलाही डबा मी दोन दिवस सलग चालवल्याशिवाय देत नाही.

पण त्या सकाळी आबा एवढंच म्हणाले, "बरं, उद्या ये कामाला."

"येते की," शेवंताबाई म्हणाल्या. "पर बटन म्या दाबलं न्हाय, ह्ये तुमी दोघांनीबी तोंडानं म्हना."

आबांनी म्हटलं. मीही म्हटलं. ते एक वाक्य मला प्रोग्रॅमपेक्षा जड गेलं.